दुसरा फुगवटा

वायर एकच, कान दोन:
उजवा एदुविनाचा, डावा माझा.
पांढऱ्या टोप्यांखाली वायर दडवून
आम्ही पट्ट्यापाशी उभ्या, हातात आखूड सुरे,
समोरून वाफाळते शिंपले येत राहतात.
ती वाकली की मला वाकावं लागतं.
मुकादम बार्रियाला वाटतं,
काय एकदिलाने राबतात या बायका!

कानात एक म्हातारा पुस्तक वाचत असतो.
स्पेनचा असावा, काही अक्षरांना जीभ दातांत धरतो,
आमच्या चिलोएत असं कुणी बोलत नाही.
दर प्रकरणाआधी घाईघाईत नाव सांगतो,
दारात चपला काढता काढता
पाहुणा सांगतो तसं.
त्याच्यामागे घड्याळ. कधी कोंबडा.
एकदा एक बाई म्हणाली, "ये जेवायला, निवतंय."
त्याने वाक्य पुरं केलं.
मग गेला असणार.

पुस्तक समुद्राबद्दल आहे. जुनं.
इतकं जुनं की त्याच्यावर आता कुणाचाच हक्क नाही,
एदुविनाच्या पोराने सांगितलं, म्हणून फुकट.
हे मला लगेच कळलं.
सुकतीला उघडा पडलेला किनारा असाच असतो.
बादली घेऊन जावं, पाठ मोडेस्तोवर वाकावं,
वेचाल तेवढं तुमचं.

मी सहावीपर्यंत शिकले.
सहावीत विचारलं होतं:
चंद्र एक, मग भरती दिवसातून दोनदा का?
बाईंनी खडू खाली ठेवला.
म्हणाल्या, ओतिलिया, फार बोलतेस.
त्याच वर्षी भावाच्या होडीवर हात कमी पडले,
आणि माझे दोन होतेच.
उकळूनही न उघडलेला शिंपला
आम्ही फेकून देतो, तसा नियम आहे.
हा एक मी फेकला नव्हता.

नववं प्रकरण. मधे पंचेचाळीस वर्षं.
म्हातारा खोकला, पाणी प्यायला, वाचू लागला:
चंद्रासमोरचं पाणी चंद्राकडे फुगतं, हे सोपं,
पण पृथ्वीसुद्धा ओढली जाते थोडी,
आणि पलीकडचं पाणी
मागे राहतं.
तो दुसरा फुगवटा.

माझा सुरा थांबला. वायर ताणली.
"पुन्हा लाव," मी म्हटलं.
चारदा ऐकलं. चौथ्यांदा मोठ्याने हसले.
काय झालं, बार्रियाने विचारलं.
म्हटलं, शाळेतल्या बाईंची आठवण आली.
पहाटे घरी जाताना होड्या चिखलात कलंडलेल्या,
आणि अंधारात कुठेतरी ते पाणी,
जन्मभर पायांनी ओळखलेलं,
पहिल्यांदाच
कुणी नीट ओळख करून दिल्यासारखं.

सतराव्या प्रकरणाला नाव वेगळं आलं.
एक मुलगी. स्वच्छ आवाज, घाई नाही,
घड्याळ नाही, कोंबडा नाही,
चुकत तर मुळीच नाही.
कंटाळला असेल, एदुविना म्हणाली.
लेकीकडे गेला असेल.
चष्म्याचा नंबर वाढला असेल, मी म्हटलं.
असेल.
त्या रात्रपाळीत कितीतरी शिंपले
आमच्या हातांखालून तसेच पुढे गेले.
बार्रिया ओरडला. बरोबरच होतं त्याचं.

मुलगी चांगलं वाचते, खोटं कशाला बोलू.
समुद्र खारट का, ते तिनेच सांगितलं,
आणि तळाशी काळोखात स्वतःचा दिवा घेऊन
फिरणाऱ्या माशांचं.
पुस्तक संपलं. आता एदुविना विचारते,
तारे घ्यायचे की ज्वालामुखी?
दोन्ही फुकट आहेत, दोन्ही लांबलचक.

घे कुठलंही, मी म्हणते.
फक्त त्याआधी
एकदा नववं लाव.
खोकू दे त्याला. पाणी पिऊ दे.